संघाचा निर्णय, एकाची शलाका

समूहात घेतलेला निर्णय नेमका कोणाचा असतो, आणि चारचौघांत बसल्याने माणसाची समज वाढते की घटते, या प्रश्नांवर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. पण तत्त्वज्ञ बहुधा एकटा बसून लिहितो. ज्यांना वर्षानुवर्षे एकत्र राहून एकत्रच ठरवावे लागले, त्यांच्यापुढे हा प्रश्न रोजचा होता. अशा समुदायांत बौद्ध भिक्खुसंघाचे स्थान वेगळे आहे, कारण त्याने आपल्या चुका, भांडणे आणि त्यांतून सुचलेले नियम यांची तपशीलवार नोंद ठेवली. विनयपिटक या त्याच्या नियमसंग्रहातील महावग्ग आणि चुल्लवग्ग मिळून २२ खंधक, म्हणजे प्रकरणे, आहेत, आणि त्यांतला बराचसा भाग सभा कशी भरवावी, प्रस्ताव कसा मांडावा, विरोध कोणी कसा करावा, एकमत होत नसेल तर काय करावे, यालाच वाहिलेला आहे. धर्मानंद कोसंबींनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ या ग्रंथातून ही सामग्री मराठी वाचकासमोर ठेवली. तिच्याकडे बहुधा भिक्खूंचा आचार म्हणून किंवा प्राचीन गणराज्यांचा पुरावा म्हणून पाहिले जाते. समूहात बसलेल्या माणसाच्या विवेकाचे काय होते, याचा विचार म्हणून ती क्वचितच वाचली जाते.

बुद्धाने आपल्यामागे उत्तराधिकारी नेमला नाही, हे महापरिनिब्बान सुत्तावरून स्पष्ट दिसते. अखेरचा शब्द सांगणारी व्यक्ती नसल्यामुळे प्रत्येक वाद संघावर येऊन पडला. पण संघ म्हणजे काय? बौद्ध तत्त्वज्ञान या बाबतीत कठोर आहे. मिलिंदपञ्हात रथाचे जे झाले, चाके, आस, जू वेगळे केल्यावर रथ म्हणून काही उरले नाही, तेच सेनेचे, वनाचे आणि अर्थात संघाचेही होते. शिवाय कर्म म्हणजे चेतना, असे अंगुत्तरनिकायात बुद्धाने म्हटले आहे, आणि चेतना व्यक्तीला असते. समूहाला स्वतंत्र चित्त नाही, म्हणून त्याला स्वतंत्र पाप-पुण्यही नाही. दुसरीकडे व्यवहार वेगळेच सांगतो. कार्ले आणि नाशिक येथील लेण्यांतील शिलालेखांत चारी दिशांच्या संघाला दिलेल्या दानांची नोंद आहे. ते दान अमुक भिक्खूला दिलेले नसते. आज असलेल्या आणि पुढे येणार असलेल्या साऱ्यांच्या मिळून संघाला ते दिलेले असते. म्हणजे मालमत्तेसाठी संघ ही एक वस्तू आहे, पण नीतीसाठी ती फक्त माणसांची बेरीज आहे. या दोन भूमिकांमधली ओढाताण विनयाच्या नियमांत सतत जाणवते.

कामगिरीचा प्रश्न आधी घ्यावा, कारण तो तुलनेने सोपा आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याने १८८०च्या दशकात माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढू लागले की एकूण जोर त्यांच्या सुट्या ताकदीच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा भरत असे. काही तूट ओढीचा मेळ न बसल्याने होती. पण १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लाताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्याचे व ओरडण्याचे प्रयोग केले, तेव्हा इतरही आपल्याबरोबर ओरडत आहेत एवढ्या समजुतीनेच माणूस हात आखडता घेतो, असे दिसून आले. दुसऱ्या बाजूला नॉर्मन ट्रिपलेट याने १८९८ मध्येच दाखवले होते की बरोबर दुसरा असला की सायकलस्वार अधिक वेगाने जातो. या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, याचे उत्तर रॉबर्ट झायंक याने १९६५ मध्ये सुचवले: दुसऱ्याच्या उपस्थितीने अंगवळणी पडलेले काम सुधारते आणि नवे, अवघड काम बिघडते.

भिक्खूचे काम म्हणजे चित्ताची साधना, आणि तिला अंगवळणी पडलेले काम म्हणणे कठीण. मग ती एकट्याने करावी की संघात? सुत्तनिपातातील खग्गविसाण सुत्त एकट्याने विहरण्याची थोरवी गाते, तरी शहाणा सोबती मिळाला तर त्याच्याबरोबर राहावे, असे तेही म्हणते. आनंदाने एकदा कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य असे म्हटले, तेव्हा बुद्धाने त्याला दुरुस्त केले: अर्धे नव्हे, सगळेच. मेघिय नावाच्या भिक्खूची गोष्ट यापुढे जाते. नदीकाठचे रमणीय आम्रवन पाहून त्याला तिथे एकट्याने ध्यान करावेसे वाटले. बुद्धाने थांबायला सांगितले तरी तो गेला, आणि एकांतात त्याला वाईट विचारांनी घेरले. चित्त परिपक्व नसेल तर पहिली गरज कल्याणमित्राची, असा त्यावरचा उपदेश आहे. झायंकच्या निष्कर्षाच्या हे उलटे दिसते, कारण इथे नवशिक्यालाच सोबत हवी आहे. पण प्रयोगातला दुसरा माणूस बहुधा प्रेक्षक किंवा प्रतिस्पर्धी असतो, कल्याणमित्र मात्र दोन्ही नसतो. समूहाचा परिणाम संख्येपेक्षा नात्यावर अधिक अवलंबून असतो, आणि एवढी साधी गोष्ट प्रयोगशाळेत सहसा मोजली जात नाही.

चूळगोसिंग सुत्तातले तीन भिक्खू, अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल, गोसिंग सालवनात एकत्र राहत. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडी, पाणी ठेवी. जो शेवटी येई तो उरलेले अन्न दूर करून जागा झाडी. रिकामा घडा ज्याच्या नजरेस पडे तो भरी, आणि एकट्याला उचलला नाही तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी. बोलण्याचे प्रयोजन नसे. दर पाचव्या दिवशी मात्र रात्रभर धम्मचर्चा चाले. इथे कामाच्या पाळ्या लावलेल्या नाहीत, देखरेख नाही, तरी रिंगेलमानची तूट नाही. सुत्त त्याचे कारण प्रत्येकाच्या मनोवृत्तीत शोधते: आपली इच्छा बाजूला ठेवून या दोघांच्या इच्छेप्रमाणे वागावे, असे तिघेही मनात धरतात. तिघांच्या बाबतीत हे पटते. तीनशेंच्या बाबतीत पटत नाही, आणि विनय लिहिणाऱ्यांनाही ते पटलेले नसावे, कारण मोठ्या संघासाठी त्यांनी पाणी, सरपण, शयनासन, भांडार यांची जबाबदारी नावानिशी नेमून दिली.

निर्णयाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि विनयाचे खरे कसब तिथे दिसते.

संघाचे कोणतेही कर्म वैध व्हायचे तर त्याला आधी ‘समग्र’ संघ लागे. ठरवलेल्या सीमेच्या आत असलेला प्रत्येक भिक्खू हजर असला पाहिजे. आजारी असेल तर त्याने दुसऱ्याकरवी आपला छंद, म्हणजे संमती, कळवली पाहिजे. कोणत्या कर्माला किमान किती भिक्खू हवेत, हेही ठरलेले असे: काहींना चार, काहींना पाच, दहा किंवा वीस. उपसंपदेला, म्हणजे भिक्खूच्या पूर्ण दीक्षेला, दहा लागत. अवंती-दक्षिणापथात भिक्खू इतके विरळ होते की सोण कुटिकण्ण या शिष्याच्या उपसंपदेसाठी दहा जण जमवायला महाकच्चायन थेराला तीन वर्षे लागली. पुढे बुद्धाने सीमावर्ती प्रदेशांसाठी ही संख्या पाचवर आणली, मात्र त्यांत एक विनय जाणणारा हवा. प्रस्ताव, म्हणजे ज्ञप्ती, मांडल्यावर कर्माच्या महत्त्वानुसार एकदा किंवा तीनदा उद्घोष होई. मान्य असणाऱ्याने गप्प राहावे, मान्य नसणाऱ्याने बोलावे, आणि कोणीच बोलले नाही तर प्रस्ताव संमत.

मौनाला संमती मानणे सोयीचे असते, पण धोक्याचेही. पटले म्हणून गप्प बसणारा आणि भीतीने गप्प बसणारा बाहेरून सारखेच दिसतात. विनयाला हे ठाऊक होते. उपोसथाच्या, म्हणजे संघाच्या ठरलेल्या सभेच्या, दिवशी पातिमोक्खाचे, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीचे, पठण होताना दोष घडला आहे का, असे तीनदा विचारले जाई, आणि दोष आठवत असूनही गप्प राहणे हे जाणूनबुजून बोललेले असत्य धरले जाई. म्हणजे मौन ही कृती आहे आणि तिला कर्ता आहे. महावग्गात कोसल देशातल्या काही भिक्खूंची हकीकत येते. वर्षावासात भांडणे टळावीत म्हणून त्यांनी तीन महिने एकमेकांशी न बोलण्याचा नेम केला. बुद्धाने कौतुक करण्याऐवजी त्यांना झापले, कारण हे जनावरांसारखे एकत्र राहणे झाले. त्याच प्रसंगी प्रवारणेचा नियम झाला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकाने संघाला विनंती करायची की माझ्या हातून काही चुकलेले पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला असेल तर सांगा. सुरुवात सर्वांत ज्येष्ठाने करायची. टीका ऐकून घेण्याचे काम वरून सुरू होते ही या नियमातली मोलाची बाब, आणि फारच थोड्या संस्थांना ती जमली आहे.

विरोध करणाऱ्याचे काय? इथे उपोसथखंधकातला एक छोटा नियम लक्षात घेण्याजोगा आहे. छब्बग्गिय म्हणून कुप्रसिद्ध असलेले सहा भिक्खू संघात बेकायदा कर्मे रेटून नेत. चांगल्या भिक्खूंनी हरकत घेतली तर ते डूख धरत, धमक्या देत. प्रसंगाप्रसंगाने नियम बदलत गेला आणि शेवटी असा ठरला: बेकायदा कर्माला विरोध असणारे चार-पाच जण असतील तर त्यांनी उघड हरकत घ्यावी. दोघे-तिघे असतील तर त्यांनी आपले मत फक्त प्रकट करावे. एकटाच असेल तर त्याने निदान मनाशी पक्के करावे की हे मला मान्य नाही.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश याचे १९५०च्या दशकातले प्रसिद्ध प्रयोग या नियमाशेजारी ठेवून पाहावेत. रेषांची लांबी जुळवण्याचे काम इतके सोपे होते की एकट्याने केल्यास चूक जवळजवळ होत नसे. पण खोलीतल्या इतर सगळ्यांनी, आधी ठरवल्याप्रमाणे, चुकीचे उत्तर दिले की साधारण चारांतले तिघे जण एकदा तरी त्यांच्यामागे गेले. गटात खरे बोलणारा एक जरी साथीदार मिळाला, तरी हे मागे जाणे एकदम कमी झाले. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे असले तरीही ते कमी झाले. एकट्याला एक साथीदार मिळाला की किती मोठा फरक पडतो, हे ॲशने मोजले. विनयाच्या नियमात ते आधीच गृहीत धरलेले दिसते.

एकट्याने मनात नोंदवलेल्या नापसंतीचा अन्यायग्रस्ताला काहीच उपयोग नाही, हा आक्षेप रास्त आहे. सभागृहात त्याच्या बाजूने कोणी उठले नाही, हे सत्य त्याने बदलत नाही. पण या नियमाचा रोख दुसरीकडे आहे. बाहेर गप्प बसलेला माणूस हळूहळू आतूनही पटवून घेऊ लागतो. ॲशच्या प्रयोगात काहींनी नंतर सांगितले की आपलेच डोळे चुकत असावेत असे त्यांना वाटले होते. एकट्या भिक्खूला मनाशी ‘नाही’ म्हणायला लावणे म्हणजे मौनाचे रूपांतर सहमतीत होऊ न देणे. धैर्य सर्वांकडून मागता येत नाही हे ओळखून विवेक तेवढा राखून ठेवण्याची ही सोय आहे. तिला पळवाट म्हणणारे म्हणोत, पण प्रत्येकाकडून हौतात्म्य मागणाऱ्या नीतिशास्त्रापेक्षा ती माणसाला अधिक ओळखते.

एकमत झालेच नाही तर मतदान. चुल्लवग्गात वाद मिटवण्याचे सात मार्ग सांगितले आहेत, त्यांतला एक ‘येभुय्यसिका’, म्हणजे बहुमत. त्यासाठी लाकडी शलाका वाटल्या जात, आणि शलाकाग्राहापक नावाचा अधिकारी संघ नेमी. तो आवड, द्वेष, अज्ञान आणि भय यांच्या आहारी न जाणारा हवा. मतदान तीन प्रकारे घेता येई: उघड, कानात सांगून, किंवा गुप्त. गुप्त पद्धतीत वेगवेगळ्या रंगांच्या शलाका करून प्रत्येकाला एकेक रंगाचा अर्थ सांगत, आणि उचललेली शलाका कोणाला दाखवू नये अशी ताकीद देत. मतदान अवैध ठरवणारी दहा कारणेही दिली आहेत. बाब क्षुल्लक असेल, संघात फूट पडेल अशी चिन्हे असतील, तर मतदान घेऊ नये. या यादीतले शेवटचे कारण सर्वांत अर्थपूर्ण आहे: भिक्खू आपापल्या दृष्टीप्रमाणे शलाका घेत नसतील, तर ते मतदान धर्माला धरून नाही.

ही अट किती खोल आहे ते कळायला अठराव्या शतकातला एक फ्रेंच गणिती मदतीला येतो. काँदोर्से याने १७८५ मध्ये सिद्ध केले की प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल, तर मतदार वाढतील तसे बहुमत बरोबर असण्याची शक्यता वाढत जाते. प्रत्येक जण शंभरांत साठ वेळा बरोबर असेल, तर पाच जणांचे बहुमत सुमारे ६८ वेळा बरोबर येते आणि १०१ जणांचे सुमारे ९८ वेळा. पण प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठरवले पाहिजे. शंभर जणांनी एकाच वडीलधाऱ्याकडे पाहून हात वर केला तर तिथे १०१ मते नसतात, एकच असते, आणि त्याच्या खरेपणाची शक्यता साठावरून तसूभरही पुढे सरकत नाही. आपापल्या दृष्टीप्रमाणे शलाका घेण्याची अट ही स्वातंत्र्याचीच अट आहे. गुप्त शलाका हे तिचे साधन.

याच प्रमेयाची दुसरी बाजू भयावह आहे. प्रत्येकाची बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून कमी, समजा शंभरांत चाळीस, असेल तर १०१ जणांचे बहुमत जवळजवळ हमखास चुकते. संख्या शहाणपणाला जशी बळ देते तशी अज्ञानालाही देते. आणि इथे विनय असे एक पाऊल उचलतो की आजचा वाचक दचकतो. अधर्मवादी बहुसंख्य आहेत असे शलाकाग्राहापकाला कळले, तर त्याने मतदान नीट झाले नाही असे जाहीर करून ते रद्द करावे. धर्मवादी बहुसंख्य निघाले तरच ते वैध. आधुनिक निवडणुकीच्या कसोटीवर ही सरळसरळ लबाडी आहे. तिचा बचाव करणारे म्हणतील की संघापुढचा प्रश्न ‘आम्हाला काय हवे’ असा नव्हता, ‘धम्म-विनयाला धरून काय आहे’ असा होता, आणि ज्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आधीच अस्तित्वात आहे तिथे बहुमत हा पुरावा असतो, निकाल नसतो. युक्तिवाद ठीक आहे. पण धर्मवादी कोण हे ठरवायचे कोणी? ज्या विवेकाची समूहापासून राखण करायची म्हणून इतकी खटपट केली, तो शेवटी एका अधिकाऱ्याच्या हाती सोपवला गेला. त्याच्यात चार दोष नसावेत असे म्हटल्याने हा सांधा मजबूत होत नाही. संपूर्ण रचनेतला कच्चा दुवा हाच आहे.

हे नियम प्रत्यक्षात कसे वागले ते दोन प्रसंगांत दिसते. संघातल्याच देवदत्त या भिक्खूने पाच कडक नियमांची मागणी केली: आजन्म अरण्यात राहावे, केवळ भिक्षेवर जगावे, चिंध्यांची चीवरे वापरावीत, झाडाखाली राहावे, मासे व मांस वर्ज्य करावे. बुद्धाने ती सक्तीची करायला नकार दिल्यावर देवदत्ताने उपोसथाच्या दिवशी स्वतःच उठून शलाका वाटल्या, आणि वज्जी देशातल्या पाचशे नव्या भिक्खूंनी हाच धम्म, हाच विनय असे समजून त्या घेतल्या. अनुभव कमी, प्रस्ताव मांडणाराच मतदान घेणारा, आणि मागणी अशी की विरोध केला तर आपणच सुखासीन ठरू. समूह चुकण्यास लागणारे सगळे एकत्र आले होते. अधिक कडक दिसणारे मत सभेत नेहमीच वजनदार ठरते. पुढे सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धाच्या पट्टशिष्यांनी, देवदत्त त्यांना घेऊन गेला होता त्या गयासीस येथे जाऊन या भिक्खूंना परत आणले, आणि तेही मतदानाने नव्हे, धम्म समजावून.

दुसरा प्रसंग बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वेसाली येथे घडला. तिथले भिक्खू उपोसथाच्या दिवशी काशाच्या भांड्यात पाणी भरून ठेवत आणि उपासकांना त्यात नाणी टाकायला सांगत. बाहेरून आलेल्या यस काकंडकपुत्ताने उपासकांना देऊ नका म्हणून सांगितले. भिक्खूंनी नाणी वाटून घेतली तेव्हा त्याच्यापुढेही वाटा ठेवला. समूहात सामील करून घेण्याची ही सर्वांत जुनी रीत. त्याने तो नाकारला, तेव्हा संघाने उपासकांची क्षमा मागण्याची शिक्षा त्याला दिली. त्याने ती मानली, उपासकांकडे गेला, आणि क्षमा मागण्याऐवजी आपली बाजू त्यांना पटवून आला. मग त्याला संघाबाहेर काढण्याची तयारी सुरू झाली. यस तिथून निघाला आणि त्याने पावा व अवंती-दक्षिणापथातल्या भिक्खूंकडे दूत धाडले. एका संघात एकटा पडलेला माणूस संघाची सीमाच रुंदावतो, आणि मोठ्या संघात तो एकटा उरत नाही.

नाणी घेण्यासह एकूण दहा मुद्द्यांचा हा वाद मोठ्या सभेत गेला तेव्हा चर्चेला अंत लागेना. मग पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशा आठ भिक्खूंची निवड समिती, विनयाच्या भाषेत उब्बाहिका, नेमली गेली. तिच्यातला सब्बकामी हा त्या काळचा सर्वांत ज्येष्ठ थेर होता. सभेआधी त्याला खासगीत विचारले गेले की कोण बरोबर वाटते. पूर्वेचे, म्हणजे वेसालीकडचे, भिक्खू चुकत आहेत असे त्याचे मत झाले होते, पण या प्रकरणात आपली नेमणूक होण्याचा संभव आहे, म्हणून तोवर ते उघड करणार नाही, असे त्याने सांगितले. ज्येष्ठाचे मत आधी फुटले तर उरलेल्या सातांचे काय होईल, याची ही जाणीव असावी. पुढे समितीतल्याच रेवत या थेराने एकेक मुद्दा विचारला, सब्बकामीने उत्तर दिले, आणि दहाही मुद्दे अधर्म्य ठरले. मग तीच प्रश्नोत्तरे पुन्हा साऱ्या संघासमोर झाली. तरीही फूट टळली नाही. हरलेल्या बाजूने आपली वेगळी महासंगीती भरवली, असे दीपवंस हा पाली इतिवृत्तग्रंथ सांगतो.

सब्बकामीने व्यक्तिगत संयमाने जे साधले ते ज्यू परंपरेने नियमात बसवले. मिश्नाच्या सन्हेद्रिन ग्रंथाप्रमाणे २३ न्यायाधीश अर्धवर्तुळात बसत, म्हणजे सर्वांना सर्वांचे चेहरे दिसत, आणि देहदंडाच्या खटल्यात मते सांगण्याची सुरुवात कनिष्ठांपासून होई. सोडून देण्याला एका मताचे आधिक्य पुरे, शिक्षेला दोन मतांचे लागे. ताल्मुदात तर असेही मत नोंदले आहे की सर्वांनी एकमुखाने दोषी ठरवले तर आरोपीला सोडावे, कारण बचावाचा एकही मुद्दा कोणाला न सुचणे हेच संशयास्पद आहे. क्वेकर पंथाने उलट टोक गाठले. त्यांच्या सभेत मतदानच नसते. शांत बसून सभेचा कल उमगेपर्यंत थांबायचे. यात अल्पमत चिरडले जात नाही, पण वेळ लागतो. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन येथील चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन दिले ते १६८८ मध्ये, आणि फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्याची बंदी केली ती १७७६ मध्ये. या ८८ वर्षांची किंमत सभेत बसलेल्यांनी मोजलेली नाही.

उरतो जबाबदारीचा प्रश्न. लाताने आणि डार्ली यांनी १९६८ मध्ये दाखवले की शेजारच्या खोलीत कोणाला झटका आल्याचे ऐकणारा एकटाच असेल तर सुमारे ८५ टक्के माणसे मदतीला उठतात. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले तर सुमारे ३१ टक्केच उठतात. जबाबदारी जणू पाच जणांत वाटली जाते. रायनहोल्ड नीबर या धर्मचिंतकाने १९३२ मध्ये याच्याही पुढचे म्हटले: व्यक्ती म्हणून सज्जन असलेली माणसे समूह म्हणून निर्दय होऊ शकतात, कारण समूहाला आत्मपरीक्षण जमत नाही. विनयाचे उत्तर थोडक्यात आहे: दोष भागला जात नाही. अनेकांनी मिळून चोरीचा बेत केला आणि वस्तू एकानेच उचलली, तरी पाराजिक, म्हणजे भिक्खुपदच घालवणारा, दोष सर्वांना पूर्ण लागतो. बौद्ध आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोशभाष्याच्या कर्मविषयक प्रकरणात हेच सेनेला लावले. समान हेतूने युद्धाला निघालेले सगळे मारणाऱ्याइतकेच दोषी, जबरदस्तीने भरती झालेलाही. स्वतःचा जीव वाचवण्यासाठीही मारणार नाही असा निश्चय मनाशी केलेला तेवढा त्यातून सुटतो. छब्बग्गियांपुढे एकट्या पडलेल्या भिक्खूला दिलेली सवलत आणि हा निश्चय एकाच विचारातून आले आहेत. संघ, सेना ही नावे असतील तर नावाआड लपायला जागा नाही, हा बौद्ध तत्त्वमीमांसेचा नैतिक परिणाम वसुबंधूइतका स्पष्ट फारसा कोणी मांडलेला नाही.

आधुनिक भारतात ही परंपरा संविधान सभेत पुन्हा बोलली गेली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की संसदीय कार्यपद्धती भारताला परकी नाही, भिक्खुसंघांना ती ठाऊक होती. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, पक्षप्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे त्यांनी त्या यादीत घेतले. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला, म्हणजे कार्यपद्धती आणि ती आतून पोखरणारी वृत्ती, दोन्ही त्यांनी एकाच वेळी पाहिल्या होत्या. त्यांच्या यादीतल्या प्रतोदाबाबत मात्र एक फरक नोंदवला पाहिजे. संघात गण पुरा करणाऱ्याचे काम सभेला पुरेशी उपस्थिती जमवण्याचे होते, शलाका कोणती उचलावी हे सांगण्याचे नव्हते. १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. तेव्हापासून पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याला पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. ही तरतूद पैसा आणि पदे यांच्या मोहाने होणारी पक्षांतरे रोखण्यासाठी होती, आणि तो रोग खरा होता. पण चुल्लवग्गातल्या दहा कारणांची यादी समोर धरली, तर अशा आदेशाखाली झालेले मतदान शेवटच्या कारणाखाली मोडते.